जुन्या मोटरबोटीच्या कडेच्या गाद्या पुन्हा पुन्हा का फाटतात?

"मागच्या वर्षीच नवीन रेक्झिन मारलं होतं, परत फाटलं." मालवण, तारकर्ली, मुरूड, मांडवा, नाहीतर गोव्यात मांडवीकाठी, जुनी स्पीडबोट बाळगणारा भेटला की ही तक्रार ठरलेली. बोट अठरा-वीस फुटी, फायबरची, विशीच्या पुढची. कॉकपिटमध्ये आतल्या बाजूने काठाला आणि सीटशेजारच्या भिंतींना पॅडिंगच्या गाद्या. आधी वरच्या कडेची शिवण उसवते. मग कोपर टेकतो तिथे चीर जाते, खालच्या कडेला तांबूस डाग उतरतात आणि एक दिवस स्क्रूसकट अख्खी गादी हातात येते. कुशनवाला जुनं फाडून नवीन ओढून देतो, एक-दोन हंगाम बोट झकास दिसते, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा गाद्या उघडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: दोष रेक्झिनचा थोडा आणि आत अडकलेल्या पाण्याचा जास्त. पाणी गादीत शिरणारच. वरून पाऊस, बाजूने खारा फवारा, अंघोळ करून तसाच येऊन टेकलेला पर्यटक. शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते, म्हणून आतला प्लाय, म्हणजे गादीच्या पाठीची फळी, कुजतो, रेक्झिन त्या फळीला धरणाऱ्या पिना गंजतात, आणि कितीही महाग रेक्झिन ओढलं तरी त्याला धरून ठेवणारं आत काही उरत नाही. त्यामुळे "कुठलं रेक्झिन घेऊ?" हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेतो.

गादी काढण्याआधी ती कुठे आणि कशी बिघडली आहे ते बघा. तडे फक्त वरच्या, आभाळाकडे तोंड असलेल्या भागात असतील आणि खालचा उभा भाग अजून मऊ असेल, तर ते उन्हाचं काम. रेक्झिनवरचं पीव्हीसी मूळचं कडक असतं, त्याला मऊ ठेवायला त्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. ऊन आणि उष्णता ते हळूहळू बाहेर काढतात, रेक्झिन आकसतं, कडक होतं आणि घडीवर तडकतं. रेक्झिन शाबूत आहे पण शिवण उसवली आहे, तर दोरा मेला. खालची कड पाठीमागून सुटून लोंबते आहे, तर पिना गेल्या. पृष्ठभागावर लाटा आल्यात, तर प्लाय फुगलाय किंवा गोंद सुटलाय. खालच्या शिवणीजवळ अंगठ्याने जोरात दाबा. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी येत असेल, तर आतला फोम पाणी धरून बसला आहे.

पांढऱ्या रेक्झिनवर येणाऱ्या गुलाबी डागांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यावर लोक ब्रशने घासून जीव काढतात. तो डाग वरून लागलेला नसतो. आतल्या ओल्या फोममध्ये, कापडात किंवा प्लायवर वाढणारे सूक्ष्मजीव रंगद्रव्य सोडतात, ते प्लास्टिसायझरमध्ये विरघळतं आणि रेक्झिनच्या जाडीतून आरपार वर येतं. घासून ते जात नाही. ब्लीच ओतलं तर डाग थोडा फिकट होतो, पण शिवणीचा दोरा आणि रेक्झिनवरचा संरक्षक थर दोन्ही खराब होतात. गुलाबी डाग दिसला की आत ओल आहे एवढं समजायचं आणि गादी उतरवायची.

उतरवताना एक काळजी फार महत्त्वाची. कित्येक बोटींत काठाच्या पॅनेलमागूनच पेट्रोल भरायची नळी, टाकीच्या हवेची बारीक नळी, थ्रॉटलची केबल आणि वायरिंग गेलेलं असतं. आधी बॅटरीची तार काढा. अडकलेल्या गादीमागे पहार घालून ओढू नका, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मागे काय आहे ते बघून घ्या. जुन्या स्क्रूची लांबी मोजून ठेवा. "थोडा लांब टाकला की घट्ट बसेल" म्हणून टाकलेला स्क्रू पेट्रोलच्या नळीत गेला तर त्याची किंमत गादीत मोजायची नाही. प्रत्येक तुकड्याच्या मागे मार्करने डावी-उजवी आणि बोटीच्या तोंडाकडे बाण काढा, फोटो घ्या.

आता गादी उलटी करून टेबलावर ठेवा. पाठीमागे बहुतेक वेळा प्लास्टिकचा कागद पिनांनी मारलेला दिसतो. हा कागद पाणी अडवायला म्हणून लावतात, आणि तोच पाणी आत कोंडतो. तो फाडला की आंबूस वास येतो. पिना सरळ निघत नाहीत, पक्कड लावली की डोकं तुटतं आणि पाय आतच राहतात. प्रत्येक पिनेभोवती नाण्याएवढा काळा डाग असतो, तिथलं लाकूड कापसासारखं हातात येतं. खालच्या कडेला प्लायचे थर ओल्या वहीच्या पानांसारखे सुटलेले असतात, नखाने एकेक उचलता येतात. वरची कड मात्र अजून ठणठणीत. गादीचा वरचा भाग उन्हाने जातो आणि खालचा ओलीने, हे इथे एका नजरेत दिसतं.

कुशनवाला यातलं फक्त वरचं कव्हर बदलतो. त्याचा दोष नाही, त्याला काम तेवढंच सांगितलेलं असतं. कुजक्या कडेत त्याने नव्या पिना मारल्या तर त्या एका हंगामात सुटणारच. म्हणून पाठची फळी बदलणं हे खरं काम.

फळीला तीन पर्याय आहेत. पहिला प्लाय. दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून जे मिळतं ते सगळं एक नसतं. आयएस ३०३ हा साध्या प्लायचा शिक्का (आयएस म्हणजे भारतीय मानक). बोटीला आयएस ७१० हवा, त्याचे जोड ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. शिक्का फळीवर छापलेला असतो, तो डोळ्यांनी बघून घ्या, "मरीनच आहे" या तोंडी खात्रीवर जाऊ नका. पण आयएस ७१० सुद्धा फक्त गोंदाची हमी देतो. लाकूड लाकूडच राहतं आणि सतत ओलं राहिलं तर कुजतं. म्हणून कापून, भोकं पाडून झाल्यावर सगळ्या बाजूंना इपॉक्सीचे (दोन भाग कालवून लावायच्या रेझिनचे) दोन हात, कडांना तिसरा. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडायची, घट्ट इपॉक्सीने भरायची आणि वाळल्यावर मधोमध योग्य मापाचं भोक पाडायचं, म्हणजे स्क्रूचा लाकडाशी संबंधच येत नाही. एवढं करूनही प्रत्येक पीन त्या कवचाला भोक पाडते, ही प्लायची अडचण उरतेच.

दुसरा पर्याय पीव्हीसी फोम बोर्ड, जो हल्ली स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना वापरतात. कुजत नाही, सुताराला कापता येतो. पण उन्हात तापला की मऊ पडतो आणि दोन स्क्रूंच्या मध्ये झोल येतो. छोट्या तुकड्यांना ठीक, लांब पट्ट्यांना मी सुचवत नाही.

तिसरा एचडीपीई, म्हणजे भाजी कापायचे जाड पांढरे बोर्ड ज्याचे असतात ते प्लास्टिक. इंडस्ट्रियल प्लास्टिक विकणाऱ्यांकडे याच्या शीट मिळतात. उन्हात टिकण्यासाठी काळा किंवा यूव्ही स्टॅबिलाइज्ड घ्या, जाडी १० मिमी. पाण्याशी याचं काही देणंघेणं नाही. पिना चांगल्या धरतो, फक्त हाताच्या टॅकरने त्या पूर्ण आत जात नाहीत, हवेवर चालणारी गन लागते. याचे दोष दोन. एक, याला कुठलाच गोंद धड चिकटत नाही, त्यामुळे फोम चिकटवायच्या भानगडीत न पडता रेक्झिनच्या ताणावरच धरायचा. दोन, तो उष्णतेने बराच पसरतो. दीड मीटर लांबीची पट्टी सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात आली, तापमान ३० अंशांनी चढलं, तर लांबी पाच-सात मिलिमीटरने वाढते. मधलं एकच भोक गोल ठेवा, बाकीची लांबट पाडा, नाहीतर पट्टी फुगून मध्येच भिंत सोडते. सरळ पॅनेलला माझी पसंती एचडीपीईला. बोटीच्या तोंडाकडे जिथे भिंत वळते तिथे मात्र तो सतत सरळ व्हायला बघतो. तिथे ४ मिमीचे दोन पातळ मरीन प्लाय इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून त्या वळणावरच, मध्ये पॉलिथिन ठेवून, दाबून वाळवा. सुटल्यावर आकार तसाच राहतो.

माप जुन्या फळीवरून घेऊ नका, ती फुगलेली असते. जुन्या रेक्झिनवरून तर नकोच, ते ताणलेलं आणि आकसलेलं दोन्ही असतं. जाड पारदर्शक पॉलिथिन बोटीच्या भिंतीवरच चिकटपट्टीने लावा आणि मार्करने कडा उतरवा. डाव्याचा नमुना उलटून उजवीकडे वापरला तर हमखास फसवतो, कारण जुन्या बोटींमध्ये आतली पॅनेलं हाताने बसवलेली असतात आणि दोन बाजू क्वचितच सारख्या निघतात. फळी कापताना चारही बाजूंनी रेक्झिनच्या घडीसाठी दोन-तीन मिलिमीटर सोडायला विसरू नका.

पिना स्टेनलेसच्या हव्यात, शक्यतो ३१६ ग्रेडच्या, निदान ३०४. साध्या सोफ्याच्या पिना खाऱ्या हवेत एका पावसात तांबड्या होतात आणि तो गंजच रेक्झिन कापतो. लोहचुंबक लावून बघायची युक्ती सगळे सांगतात, पण तार ओढताना ३०४ थोडं चुंबकीय होतं, त्यामुळे हलकी ओढ जाणवली म्हणून पिना फेकू नका. खात्री हवी असेल तर दोन पिना मिठाच्या ओल्या फडक्यात आठवडाभर गुंडाळून ठेवा. ९ मिमीच्या फळीला ८ मिमी पाय पुरे, घडीची जाडी धरून.

फोम. सोफ्याचा पिवळा-पांढरा फोम पाणी शोषतो आणि धरून ठेवतो, मग त्याची घनता कितीही असो. कडेच्या गाद्यांना बंद छिद्रांचा फोम वापरा: क्रॉसलिंक पॉलिथिन किंवा ईव्हीए. हा सीटला कडक वाटतो, पण टेकायला आणि कोपराला उत्तम. उभ्या भिंतीला १२ मिमी, काठावर २५. बसायच्या जागेलाही तोच वापरायचा मोह टाळा, तिथे पाणी सरळ खाली जाऊ देणारा मोठ्या उघड्या छिद्रांचा झटपट वाळणारा फोम लागतो.

दोरा हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात आधी मरणारा. सीट कव्हरच्या दुकानात नायलॉन दोरा असतो, कारण तो मजबूत आणि शिवायला गोड. पण उन्हात तो पॉलिएस्टरपेक्षा लवकर सडतो. बाँडेड पॉलिएस्टरचं रीळ स्वतः विकत घेऊन कुशनवाल्याच्या हातात द्या आणि टाके चार-पाच मिलिमीटरचे मारायला सांगा. बारीक टाके म्हणजे जास्त भोकं, आणि रेक्झिन तिथेच फाडून मिळतं.

दोरा देताना आणखी एक विचारा: "काका, पायपिंगमध्ये आत काय घालता?" उत्तर बहुतेक वेळा "सुती दोरी" असंच येतं. सोफ्याला ती चालते. बोटीत ती दोरी एका टोकाला भिजली की वातीसारखी पाणी ओढत गादीची पूर्ण कड फिरते, आणि तुम्हाला वाटतं पाणी चारही बाजूंनी शिरतंय. आत प्लास्टिकची पोकळ किंवा भरीव नळी घालायला सांगा. कामाचा दर यामुळे वाढत नाही.

शिवण कुठे येते हेही ठरवून घ्या. वरच्या आडव्या पाठीवर शिवण असेल तर तिथे पाण्याचं तळं साचतं आणि सुईच्या प्रत्येक भोकातून ते आत झिरपतं. शिवण उभ्या भागावर, वरच्या कडेपासून दोन बोटं खाली घ्या. डिझाइन थोडं बदलेल, चालतं.

रेक्झिन आता. मोटारीच्या सीटचं रेक्झिन आणि मरीन व्हिनाइल, म्हणजे बोटीसाठी बनवलेलं रेक्झिन, हातात घेतलं तर सारखंच वाटतं. फरक आत आहे: मरीन मालात यूव्ही आणि बुरशीरोधक द्रव्यं असतात आणि पाठीला विणलेलं पॉलिएस्टर कापड असतं. स्वस्त रेक्झिनच्या पाठीला बऱ्याचदा सुती किंवा मिश्र कापड असतं, ते आतून कुजतं. मरीन माल महाग आहे. पैसे कमीच असतील तर काठाच्या वरच्या पट्ट्यांना मरीन लावा आणि सावलीतल्या उभ्या पॅनेलना चांगलं पॉलिएस्टर पाठीचं साधं. गडद रंग टाळा, दुपारी एकला काळ्या गादीला उघडा हात लावून बघा म्हणजे कारण कळेल.

ओढायच्या आधी रेक्झिन अर्धा तास उन्हात पसरा, मऊ होतं. प्रत्येक बाजूच्या मधोमध एक पीन, मग समोरच्या बाजूला, आणि मधून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर सुरकुती मध्ये येऊन बसते आणि मग निघत नाही. मागे प्लास्टिकचा कागद लावू नका. खालच्या कडेला दर वीतभर अंतरावर फळीला १० मिमीचं भोक आणि रेक्झिनच्या घडीत त्याच्यासमोर खाच ठेवा. पाणी तिथून गळून जाईल. फळी भिंतीला अगदी चिकटून बसू देऊ नका, स्क्रूच्या जागी मागे ५ मिमी प्लास्टिकच्या चकत्या ठेवा. एवढ्या फटीतून वारा फिरतो आणि गादी पाठीकडून वाळते.

बोटीच्या भिंतीतली जुनी भोकं सैल झालेली असतात. त्यात आगपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू घट्ट करायची पद्धत दिसते, ती बोटीत करू नका, काड्या पाणी धरतात आणि तिथे ऑक्सिजन पोचत नाही. स्टेनलेसला गंजण्यापासून वाचवणारा पातळ थर ऑक्सिजनवरच टिकतो, त्यामुळे ओल्या, बंद जागेत चांगला स्क्रूही बारीक होत जाऊन तुटतो. भोक थोडं मोठं करून ॲसिटोनने पुसा आणि पावडर मिसळून घट्ट केलेली इपॉक्सी भरा. फायबरवाल्याकडचं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन जुन्या फायबरला इपॉक्सीइतकं धरत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात एकदम जास्त कालवू नका, वाटीतच उकळून घट्ट होते. नवीन भोक पाडताना ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, खरवडून घ्या, मग सुलट. नाहीतर भोकाभोवती चांदणीसारखे तडे जातात. स्क्रूखाली पॉलियुरेथेन सीलंट लावा. सिलिकॉन नको, त्याचा तेलकट अंश राहतो आणि पुढे त्या जागी रंग किंवा जेलकोट धरत नाही. यातलं काहीही करताना, विशेषतः स्प्रेचा गोंद वापरताना, टाकीत पेट्रोल असलेल्या बोटीत बसू नका. फळी बाहेर नेऊन सावलीत, वाऱ्यावर काम करा.

आणि स्क्रू रेक्झिनमधून आरपार मारायचे की नाही? माझं म्हणणं, नाही. स्क्रूचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेलं दार. त्यापेक्षा भिंतीला वरच्या बाजूने तिरकी कापलेली पट्टी लावा, गादीच्या पाठीला तशीच उलटी पट्टी लावा, म्हणजे गादी वरून सरकवून अडकते. खाली दोन स्टेनलेस टिचबटणं लावली की लाटांत उसळत नाही. वेल्क्रो मीठ आणि वाळू भरून लवकरच निकामी होतं.

काढता-घालता येणारी गादी का हवी, याचं उत्तर जून ते ऑगस्टमध्ये आहे. कोकणात या दिवसांत सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मेअखेरीला वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, बोट वर ओढली जाते, ताडपत्री करकचून आवळली जाते आणि आत सगळ्या गाद्या तशाच. ताडपत्रीखाली पावसाची ओल आणि मधूनच पडणाऱ्या उन्हाची वाफ, तीन महिने. आठ महिने बोट चालवून गादीचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं या बंद काळात होतं. गाद्या उतरवा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, दोन दिवस सावलीत उभ्या करून वाळवा आणि घरात माळ्यावर उभ्याच ठेवा, एकावर एक रचून नको. ताडपत्री दोन्ही टोकांना थोडी उचलून बांधा, म्हणजे वारा खेळेल. नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवायची वेळ येईल तेव्हा गाद्या लावण्यापूर्वी खालची भोकं तारेने मोकळी करा, त्यात वाळू बसलेली असते.

हंगामात साधा सौम्य साबण, मऊ फडकं आणि वर गोडं पाणी, एवढंच. थिनर, ॲसिटोन आणि ब्लीच रेक्झिनला लावू नका, चमक आणणारे तेलकट पॉलिशही नको. पर्यटक बसवत असाल तर सनस्क्रीनवर लक्ष ठेवा. ते क्रीम व्हिनाइलमध्ये मुरतं, पिवळे डाग आणि चिकटपणा येतो, आणि काठाच्या गाद्या जिथे हात पडतात तिथेच आधी खराब होतात. संध्याकाळी बोट बांधताना वरची पट्टी ओल्या साबणाच्या फडक्याने पुसून घ्या.

उरलेल्या रेक्झिनचा वीत-दोन वीत तुकडा, पॉलिथिनचे नमुने आणि उरलेल्या पिना एकत्र बांधून ठेवा. प्रत्येक फळीच्या पाठीवर मार्करने वर्ष, फोमची जाडी आणि दोऱ्याचा प्रकार लिहा. पुढच्या वेळी एकच गादी बिघडली तर ती एकटीच बदलता येईल, आणि कुठला माल किती टिकला ते त्या फळीवरच वाचायला मिळेल.